दहावा ग्लास

मुलुंड (पूर्व), मुंबई
२७ नोव्हेंबर २०२२

ती. भाऊस,
मिल्काचा शालोम आणि सा. न. वि. वि.

पत्र रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. फोन करून चांगलं सुनावलं असतं, पण फोन लावला की तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि तू पलीकडून नुसता हो हो म्हणत बसतोस. म्हणून हा कागद. आपल्या मशिदीच्या, लोक सिनेगॉग म्हणतात तिच्या, मागच्या चाळीतल्या धोंडूचा मुलगा सुशांत याचे फोटो काढून ओर्लीला पाठवील. तुझी सून ते मोठ्या अक्षरात छापून तुझ्या हातात देईल, आणि तू चष्मा लावून वाचशील. एकही ओळ गाळायची नाही.

गुरुवारी रूबेनकाका आले. आपले हझ्झान. मशिदीत प्रार्थना म्हणायला आता तेवढेच एक उरलेत. ऐंशी ओलांडली तरी जिने चढून आले, पाणी प्यायले आणि खाली मान घालून म्हणाले की हाईमनं ट्रस्टला अर्ज केलाय. मुलुंडच्या मशिदीतली आपल्या धर्मग्रंथाची गुंडाळी, ते सेफर तोरा, इस्रायलात अश्दोदला आपल्या लोकांच्या मशिदीत पाठवावं म्हणून. मी तांदूळ निवडत होते. सूप तसंच हातात राहिलं. म्हटलं, काका, तुम्हाला कुणीतरी भलतंच सांगितलंय, आमचा भाऊ असं करायचा नाही. तर त्यांनी खिशातून अर्जाची झेरॉक्स काढली. खाली तुझी सही. आबांनी दिलेलं सेफर, तेव्हा थोरल्या मुलाचा शब्द चालेल, असं ट्रस्टचं म्हणणं आहे.

अरे वा रे वा! म्हणजे मला विचारायचंसुद्धा नाही? आणि काय लिहिलंयस, तर मुलुंडला आता कोणी उरलं नाही. मग मी कोण रे? भूत? दर शुक्रवारी जाऊन फरशी कोण पुसतं? दिवे कोण लावतं? सेफरच्या अंगावरचा झगा आईच्या शालूचा मीच शिवलाय, तो उन्हात घालून, डांबराच्या गोळ्या बदलून परत कोण देतं? हे गेल्यापासून माझा आठवडा त्या शुक्रवाराभोवती फिरतो. मला दुसरं आहेच काय?

माणसं कमी झालीत हे मला दिसत नाही असं समजू नकोस. लॉकडाऊननंतर तर वाटच लागली. कुणी वारलं, कुणी मुलांकडे गेलं, कुणाला घरी बसूनच प्रार्थना ऐकायची सवय लागली. पण मशीद बंद नाही. आणि सेफर गेलं की ती बंदच होणार, ट्रस्ट दुसऱ्या महिन्यात जागा भाड्यानं देईल. नुसत्या चार भिंतींपाशी मी दिवा कुणासाठी लावू?

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो. कमळ मासेवाली तुझी चौकशी करते, पापलेट घेणारा तो गोरा भाऊ कुठे गेला म्हणून. पन्नास वर्षं झाली तुला जाऊन, तिच्या आईनं तिला सांगितलेलं ती मला विचारते!

सिमहावहिनीला शालोम, ओर्लीला आशीर्वाद. रागावले असले तरी बहीण तुझीच आहे. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा राहू दे, सेफरवरचा जरा आवर.

तुझी,
मिल्का


अश्दोद
१ डिसेंबर २०२२

चि. मिल्कास,
भाऊचे अनेक आशीर्वाद आणि शालोम.

तुझे पत्र मिळाले. ओर्लीने एवढ्या मोठ्या अक्षरात छापले की तुझा राग भिंतीवर लावता आला असता. सिमहा म्हणाली की बरोबर बोलते आहे ती, आधी बहिणीला विचारायला हवे होते. तेवढे माझे चुकले, हे कबूल करतो.

आता माझेही शांतपणे ऐक. आपल्या शास्त्राप्रमाणे दहा मोठे पुरुष जमल्याखेरीज सेफर उघडून वाचता येत नाही. मुलुंडला ते शेवटचे कधी उघडले? मी रूबेनकाकांना विचारले होते. त्यांनी कळवले की मागल्या वर्षी आपल्या वर्षारंभाच्या नव्याच्या सणाला, तेही ठाण्याहून पाहुणे आले होते म्हणून. एरवी ते कपाटात आहे. तू त्याचा झगा उन्हात घालतेस, ते खरे. पण सेफर काही शालू नव्हे. ते वाचण्यासाठी लिहिलेले असते. चामड्यावर कुणीतरी एक एक अक्षर हाताने लिहिले, ते काय डांबराच्या गोळ्यांत ठेवायला?

आबांनी काय केले ते आठव. अलिबागेकडे आपल्या गावची मशीद ओस पडली, तेव्हा त्यांनी हेच सेफर तिथून उचलले आणि मुलुंडला आणले. एसटीत मांडीवर घेऊन बसले होते. शालीत गुंडाळलेले बघून कंडक्टरला वाटले लेकरू आहे, त्याने अर्धे तिकीट फाडले. आबांनी मुकाट्याने पैसे दिले आणि वर त्याला सांगितले की झोपलंय, उठवू नका. जिथे माणसे तिथे सेफर, हे आबांनीच दाखवले. मी तेच करतो आहे.

तरी तुझ्या मनाविरुद्ध ओढून नेणार नाही. एक करू. २४ डिसेंबरला हनुक्कातला, दिव्यांच्या सणातला, शब्बाथचा शनिवार आहे, त्याच दिवशी आपला नवा महिनाही लागतो. असा दिवस सहसा येत नाही. त्या शब्बाथला मुलुंडला दहा जमू देत आणि सेफर उघडू दे. तसे झाले तर मी अर्ज मागे घेईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमले, तर तूही हट्ट सोड. मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. तू कळवशील ते प्रमाण.

माझी साखर वाढली आहे. हनुक्कात इथे जॅम भरलेले तळलेले गोळे गल्लोगल्ली विकतात, सिमहा मला नुसता वास घेऊ देते.

प्रकृतीस जप. थोरल्याच्या बोलण्याचा राग फार दिवस ठेवू नये.

तुझा,
हाईमभाऊ


मुलुंड (पूर्व), मुंबई
१३ डिसेंबर २०२२

ती. भाऊस,
मिल्काचा शालोम. तब्येतीला सांभाळून असशील अशी आशा.

तुझी अट मान्य. आता बघच.

गेले दहा-बारा दिवस मी घरात कमी आणि रिक्षात जास्त आहे. रूबेनकाका आणि त्यांचा मुलगा घरचेच. मुलुंडातले आणखी तिघे येतात, त्यातला एक दर वेळी येतो आणि झोपतो, पण झोपलेला पुरुषही पुरुषच. घाटकोपरचे ते दोघे भाऊ आठवतात? पाण्याच्या टाकीवरून भांडण होऊन सात वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. थोरल्याला सांगितलं तर म्हणाला की धाकटा येणार असेल तर मी येणार नाही. धाकट्याकडे गेले तर त्याचंही तेच पालुपद. शेवटी मी दोघांना सांगितलं की तुम्हाला बोलवायला आले आहे, बोलायला नाही. एक या भिंतीला बसा, एक त्या भिंतीला. तयार झाले बिचारे.

ट्रॉम्बेला नोकरी करून रिटायर झालेले मोझेस साहेब आहेत. अणूचं काय काय करून आले, पण मुलुंडला एकट्यानं येणं त्यांना जमत नाही म्हणे. सुशांत स्कूटरवरून आणणार आहे. ठाण्याचा एक पाहुणा नक्की झालाय. आणि दहावा आपला निस्सीम, ह्यांच्या चुलत बहिणीचा मुलगा, अंधेरीला ऑनलाइन मालाच्या गोदामात आहे. त्याची रजा मिळायची मारामार, पण मामी मी येणार म्हणजे येणार, असं त्यानं देवाचं नाव घेऊन सांगितलंय. शुक्रवारी येतील ते सगळे रात्री इथेच राहतील, म्हणजे शनिवारी सकाळी कुणाची वाट बघायला नको. गाद्या धोंडूकडून आणल्यात.

धोंडूला तू पाहिलेलं नाहीस. चाळीस वर्षं शब्बाथला आपले पंखे-दिवे तोच लावतोय, आपण त्या दिवशी बटणाला हात लावत नाही म्हणून. न सांगता येतो, लावतो, मागच्या बाकावर बसतो. त्याला हनुक्का म्हणजे तुमची दिवाळी. मी सांगितलं की अरे बाबा, आमच्या कोकणातल्या जुन्या माणसांना हा सण ठाऊकच नव्हता, मागाहून बाहेरच्यांनी येऊन शिकवला. तर म्हणतो की तुमचे वाडवडील कोकणातले तेली, आणि तेल्यांना तेलाचा सण शिकवायला बाहेरचा माणूस लागला?

तेलावरून आठवलं. आबांची ग्लासांची रीत मी अजून तशीच पाळते. माणसं बोटानं मोजायची नाहीत, म्हणून शुक्रवारी जो पुरुष आत येईल त्याच्या नावानं एक ग्लास टांगायचा, खाली पाणी, वर खोबरेल, मधे वात. माणूस उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय तेल घालायचं नाही. किती जण आले ते ग्लास सांगतात. त्या दिवशी दहा ग्लास घासून ठेवीन. खोबरेलाची एक बाटली रूबेनकाकांच्या पुतणीबरोबर तुलाही पाठवली आहे. तुमच्या ऑलिव्हच्या तेलाला आपल्या दिव्याचा वास येतो का सांग.

दहा जमले तर आपल्या प्रेषिताच्या, एलियाहू हनाबीच्या नावानं मलिदा करीन असा नवस बोलले आहे. पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, सगळं साग्रसंगीत.

आणि एक विचारायचं होतं. आई सांगायची की सेफर आणायला आबा दोन खेपा गेले होते आणि पहिल्या खेपेला हात हलवत परत आले. मी तान्ही होते. तू बरोबर होतास ना? का बरं आले रिकामे? तू ते अर्ध्या तिकिटाचं रंगवून सांगतोस, हे कधी सांगितलं नाहीस.

मनातून भीती वाटतेय रे. पण तुला कशाला सांगू?

वहिनीला नमस्कार. आमच्या प्रयत्नांना तुझा आशीर्वाद असू दे, विरुद्ध पार्टीचा असला तरी चालेल.

तुझी,
मिल्का


अश्दोद
२४ डिसेंबर २०२२, शब्बाथ सुटल्यावर

चि. मिल्कास,
भाऊचे लाख आशीर्वाद.

शब्बाथ संपला, ओर्लीने फोन उघडला आणि धावत माझ्याकडे आणला. सुशांत नावाच्या मुलाने काल दिवस मावळायच्या आत काढलेला फोटो. हनुक्कियाच्या समईचे सहा दिवे लागलेले, वर आबांचे ग्लास. मी चष्मा पुसून एकेक मोजला. ग्लास मोजायला आबांची बंदी नव्हती. दहा! मी सिमहाला मोजायला लावले. तिलाही दहाच दिसले.

मिल्का, जिंकलीस तू! मी हरलो आणि इतका आनंद मला किती दिवसांत झाला नव्हता. आज सकाळी इथे प्रार्थनेला बसलो होतो, तेव्हा घड्याळात साडेतीन तास पुढे जाऊन बघत होतो. आता मुलुंडला कपाट उघडले असेल, आता आईच्या शालूचा झगा उतरवला असेल. माझ्या शेजारचा गृहस्थ मला कोपराने ढोसत होता, माझे लक्ष नव्हते म्हणून.

उद्याच ट्रस्टला कळवणार होतो, पण ठरल्याप्रमाणे तुझ्या पत्राची वाट पाहतो. ते आले की त्याच दिवशी अर्ज मागे. कोण कोण आले, घाटकोपरचे दोघे बोलले का, कुणाला वाचायला बोलावले, सगळे लिही.

तुझे खोबरेल पोचले, पण इथल्या थंडीने गोठून पांढरे झाले. सिमहाला वाटले तूपच पाठवले आहे. मी बाटली स्वेटरात गुंडाळून हीटरपाशी ठेवली. तासाभराने वितळले आणि घरभर तुमच्या स्वयंपाकघराचा वास सुटला. मी उगाच तिथे खुर्ची टाकून बसलो.

मलिदा माझ्या वाटणीचाही खा. तुझ्या हट्टाला भावाचा सलाम.

तुझा,
हाईमभाऊ


मुलुंड (पूर्व), मुंबई
२६ डिसेंबर २०२२

ती. भाऊस,
मिल्काचा शालोम वि. वि.

तुझं पत्र काल सकाळी आलं. कालचा सगळा दिवस मी ते घेऊन बसले. आज लिहितेय.

भाऊ, दहा जण नव्हते. नऊ होते.

शुक्रवारी पाचपर्यंत आठ आले. मग सुशांत मोझेस साहेबांना घेऊन आला. त्यांची टोपी वाऱ्यानं उडाली होती म्हणून ते डोक्याला रुमाल बांधून होते. नऊ ग्लास लागले. निस्सीमचा फोन आला की मामी, साकीनाक्याला अडकलोय, निघालो की पोचलोच. मी गेटपाशी उभी. सूर्य खाली जायला लागला. तो बुडाला की शब्बाथ लागतो, मग वात पेटवायची नाही, हे तुला माहीत. माणूस आत आल्याशिवाय तेल घालायचं नाही, हेही तुला माहीत आणि मलाही. पण मी म्हटलं, येतोच आहे की पोर. मी दहाव्या ग्लासात पाणी घातलं, तेल ओतलं, वात लावली. इतकी खात्री होती. सुशांतनं तेव्हाच फोटो काढला आणि हौसेनं ओर्लीला पाठवून दिला. त्याचा काही दोष नाही.

निस्सीम आला नाही. नाताळच्या ऑर्डरी होत्या म्हणे, गोदामातून परत बोलावलं, आलास नाही तर उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. दोन लहान मुलं आहेत त्याला. त्याला तरी काय बोलू?

शनिवारी सकाळी सगळे थांबून राहिले. एक नाही, दोन तास. रस्त्यावरून पाऊल वाजलं की नऊही जण दाराकडे बघायचे. घाटकोपरचे दोघे भाऊ शेवटी बोलले, ते टाकीवरूनच. तेवढ्यात धोंडू मागच्या बाकावरून उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला की वहिनी, मी उभा राहतो, आमेन कुठे म्हणायचं ते मला पाठ आहे, कोणाला कळणार आहे? रूबेनकाकांनी त्याचा हात हातात घेतला. म्हणाले की धोंडू, दुसऱ्या कुठल्याही कामात मी तुला सगळ्यांच्या आधी मोजीन, पण यात नाही मोजता येत. धोंडू मान हलवून बसला. मग काकांनी छापील पुस्तकातून वाचलं. कपाट बंदच राहिलं.

मी बायकांच्या जाळीमागे उभी होते, भाऊ. दिवे माझे, गाद्या मी घातलेल्या, माणसं मी गोळा केलेली. मला मोजत नाहीत हे लहानपणापासून ठाऊक आहे आणि खरं सांगते, त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. परवा वाटलं. फार वाटलं. एक माणूस कमी म्हणून सगळे दाराकडे बघत होते आणि मी आतच उभी होते.

तुझं पत्र काकांना दाखवलं. ते म्हणाले की ही एलियाहू हनाबीची कृपा आहे, त्यानं स्वतःच हाईमच्या डोळ्यांना दहा दाखवले, आता तू गप्प बस. मोझेस साहेबांचा फोन आला, तेही तेच म्हणाले. आणि मी दिवसभर गप्प बसले. संध्याकाळी हनुक्काचा शेवटचा, आठवा दिवा लावायला गेले, तर माझं लक्ष हनुक्कियाकडे जाईना. सारखी त्या दहाव्या ग्लासाकडे बघत होते. तू माझ्या शब्दावर सोडलं होतंस, फोटोवर नाही. मी गप्प राहिले तर सेफर राहील, पण मग दर शुक्रवारी कुठल्या तोंडानं दिवा लावू?

म्हणून सांगते, घेऊन जा. माझी हरकत नाही, असं ट्रस्टला कळव. फक्त झगा तोच राहू दे, बदलू नकोस. आणि नेणाऱ्याला सांग की मांडीवर घ्यायचं, बॅगेत टाकायचं नाही.

हे लिहिताना रडतेय, तेव्हा एक-दोन अक्षरं पुसली असतील. ओर्लीला वाचता आली नाहीत तर सोडून दे.

नाही नाही ते बोलून तुझ्यावर ओरडले, ते मनातून काढून टाक. धाकटी म्हणून पदरात घे.

तुझी,
मिल्का


अश्दोद
२९ डिसेंबर २०२२

चि. मिल्कास,
भाऊचे आशीर्वाद. यावेळी शालोम शेवटी म्हणतो, आधी सांगायचे आहे ते सांगतो.

पत्र वाचून मी दोन दिवस कानातले मशीन काढून खिडकीपाशी बसलो. सिमहाला वाटले पुन्हा मशीन बिघडले. तिला पत्र वाचून दाखवायला बसलो आणि जाळीमागच्या त्या ओळीपाशी कागद ओर्लीकडे दिला. पुढचे तिने वाचले.

तू मला पहिल्या खेपेबद्दल विचारले होतेस. मी उत्तर दिले नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. ते सांगितले असते तर माझा दावा तिथेच संपला असता.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मुलुंडची मशीद नुकती उभी राहिली होती आणि सेफर शहरातून उसने आणावे लागे. गावाकडे आपली सगळी घरे रिकामी झाली होती. कोणी मुंबईत, कोणी इथे. आबा नवी शाल घेऊन निघाले, मला बरोबर घेतले. शुक्रवार होता. गावी पोचलो तो दिवस कलला होता. मशिदीचे दार उघडे होते. आत दिनाबाई नावाची एक म्हातारी, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, हाताने चाचपडत एका ग्लासात तेल ओतत होती. कोण आले म्हणून तिने विचारले. आबांनी नाव सांगितले. तिने आम्हाला बसवले, गूळ-पाणी दिले, वात लावली आणि हात जोडून बसली. तिथे ती एकटीच होती. आबांनी ती शाल पिशवीतून बाहेरच काढली नाही. कशासाठी आलो हेही तिला सांगितले नाही.

परतताना मी विचारले की सेफर का नाही आणले. आबा म्हणाले की इथे दिवा लावणारे माणूस आहे, म्हणजे घर भरलेले आहे. भरल्या घरातून सेफर काढायचे नसते. तीन-एक वर्षांनी दिनाबाई वारल्याचे कळले, तेव्हा ते पुन्हा गेले. अर्ध्या तिकिटाची खेप ती.

गावात तेव्हा आपला एकही पुरुष नव्हता, मिल्का. दहा तर सोडूनच दे. आबांनी पुरुष मोजलेच नाहीत. दिवा लावणारी एक बाई मोजली. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते आणि तरी अर्जात लिहिले की मुलुंडला कोणी उरले नाही. मला क्षमा कर.

आज सकाळी ट्रस्टला कळवले. अर्ज मागे घेतला. तू जाशील येशील, दिवा लावशील, तोवर सेफर हलणार नाही, असेही लिहून दिले. नवांवर दहावा कुठून आणायचा हा प्रश्न राहिला. खरे सांगायचे तर इथल्या मशिदीत सेफरना तोटा नाही, कुणी मागितलेही नव्हते. आबांचे सेफर एकदा कानावर पडावे एवढी माझी म्हाताऱ्याची हाव होती. तर मग मीच का येऊ नये? सिमहाने आधी माझ्या साखरेचे नाव काढले, मग स्वतःच ओर्लीला तिकिटे बघायला सांगितले. अनशी धाकाच्या सणाला, आपल्या बिनआंबवलेल्या भाकरीच्या दिवसांत, एप्रिलात येतो. त्या नऊ जणांना सांगून ठेव.

शालोम. तुझ्यावर माझा लोभ होताच, आता थोडा अभिमानही आहे.

तुझा,
हाईमभाऊ


मुलुंड (पूर्व), मुंबई
३ जानेवारी २०२३

ती. भाऊस,
मिल्काचा शालोम, शालोम, शालोम.

पत्र वाचून खाली पळत गेले आणि धोंडूच्या बायकोच्या गळ्यात पडून रडले. तिला वाटलं, कुणी गेलं. सांगितल्यावर तिनंच माझ्या पाठीत धपाटा घातला.

नवस फळला नव्हता, तरी रविवारी मलिदा केला. रूबेनकाका म्हणाले की दहा कुठे जमले होते? म्हटलं, एलियाहू हनाबीला दिनाबाईची गोष्ट माहीत असेल. काकांनी पाट मांडला. निस्सीमही आला होता, बायका-पोरांना घेऊन. खाली मान घालून बसला होता. मी त्याच्या ताटलीत दोनदा वाढलं आणि एप्रिलची रजा आत्ताच टाक म्हणून दम दिला. तू आलास आणि तोही आला तर अकरा होतील रे! आपण इतकी चैन कधी केली होती?

दिनाबाईच्या नावानंही शुक्रवारी एक वात लावणार आहे. तिचं आडनाव तुला आठवत असेल तर लिही.

स्वेटर आणू नकोस, एप्रिलात इथे घामानं जीव जातो. वहिनीला सांग, साखरेची काळजी मी घेईन, फणस मात्र तुला एक गरा तरी देणारच.

दहावा ग्लास घासून, पुसून, उलटा घालून ठेवलाय. पण यावेळी माणूस उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय तेल घालणार नाही हं. सूर्य बुडायच्या आत ये.

वाट बघणारी,
मिल्का